हलवा मांडीवर येत नाही

आमच्या हलव्याला माणसं आवडत नाहीत. आज हे सरळ लिहून टाकते आहे, पण पहिलं वर्षभर कुणी विचारलं की मी "रुळेल हळूहळू" एवढंच म्हणायची.

हलवा म्हणजे आमचा हेजहॉग. ओंजळीत मावेल एवढा, पाठीवर करडे-पांढरे काटे, पोटावर मऊ पांढरी लव, लांबुडकं सतत ओलं नाक आणि काळेभोर डोळे. ओहायोत, कोलंबसजवळच्या आमच्या घरी तो 2022 च्या जानेवारीत आला. लेक तेव्हा अकरावीत होती. तिच्या बाबांना कुत्र्या-मांजरांच्या केसांची ॲलर्जी, त्यामुळे लहानपणापासूनचा तिचा हट्ट आम्ही मासे आणून भागवला होता. मग तिने स्वतःच माहिती काढली, परवाना असलेला ब्रीडर शोधला, सुट्टीत काम करून पैसे साठवले आणि एका शनिवारी आम्ही त्याला गाडीतून घेऊन आलो, मांडीवर डबा, डब्यात गरम पाण्याची पिशवी आणि तिच्यावर टॉवेल. संक्रांत तोंडावर आली होती. नाशिकहून आईने व्हिडिओ कॉलवर त्याला पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हा तर हलव्याचा दाणा! काटा किती छान आलाय." नाव तिथल्या तिथे पडलं.

लेकीने फोनवर पाहिलेले हेजहॉग तळहातावर उताणे पडलेले असायचे, पाय वर, पोट उघडं, तोंडाशी स्ट्रॉबेरीचा तुकडा. हलवा पहिल्या रात्री घरात शिरला तो लोकरीच्या चादरीखाली गेला आणि तिथेच राहिला. दुसऱ्या रात्री लेकीने हात पुढे केला आणि आम्ही त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

तो आवाज मला आता अंधारातही ओळखता येतो. आधी कपाळावरचे काटे पुढे सरकतात, अगदी डोळे झाकतील इतके. मग फुस्स, फुस्स, नाकातून जोरात सोडलेला श्वास. तरीही हात मागे नाही घेतला तर तो जागच्या जागी एक उसळी घेतो आणि घशातून टक्क असा आवाज काढतो. त्याच्याही पुढे गेलात तर सगळा कारभार बंद. पाठीच्या कातडीखाली कडेकडेने एक गोल स्नायू असतो; तो आवळला की डोकं, पाय, पोट सगळं आत ओढलं जातं आणि हातात उरतो तो फक्त काट्यांचा चेंडू. साळिंदरासारखे हे काटे सुटून कुणाच्या अंगात रुतत नाहीत. तसा साळिंदराचा आणि याचा नातेसंबंधही नाही. साळिंदर उंदीर-खारींच्या गोतावळ्यातला, हा चिचुंद्र्यांना जवळचा. काटे टोचतात, लाल ठिपके उठतात, रक्त सहसा येत नाही. लागतं ते दुसरीकडेच.

लेक रोज रात्री अर्धा तास त्याला मांडीवर घेऊन बसायची. ब्रीडरने सांगितलेलं सगळं तिने केलं. स्वतःचा घातलेला, न धुतलेला टी-शर्ट त्याच्या घरात ठेवला, म्हणजे वास ओळखीचा होईल. हाताला क्रीम लावणं सोडलं. हातमोजे वापरायचे नाहीत, कारण मग त्याला हाताचा वास कळत नाही, म्हणून उघड्या हातांनी उचललं. त्यात पहिल्या काही महिन्यांत पिल्लाचे काटे गळून मोठे काटे येतात, माणसाच्या बाळाचे दात यावेत तसा तो काळ. कातडी दुखरी असते, तेव्हा तर कुठल्याच हेजहॉगला हात लावलेला चालत नाही. तो काळ गेला, नवे काटे आले, आणि हलवा होता तिथेच राहिला. एका रात्री मी पाणी प्यायला उठले तर तिच्या खोलीत दिवा. गुडघ्यांवर टॉवेल, टॉवेलवर तो चेंडू, आणि ही रडत होती. "आई, त्याला मी आवडतच नाही."

सोळा वर्षांच्या मुलीला काय सांगायचं? "तसं नसतं गं" म्हणायला जीभ रेटेना. ती जे बघत होती ते खरंच होतं.

त्यानंतर मी वाचायला लागले. अमेरिकेत पाळले जाणारे हे हेजहॉग मूळचे आफ्रिकेतले, सहाराच्या दक्षिणेकडच्या गवताळ माळांवरचे. तिथे ते एकेकटे राहतात. कळप नाही, जोडीदार म्हणून संसार नाही. नर-मादी भेटतात आणि आपापल्या वाटेने जातात. पिल्लं आईजवळ राहतात ती काही आठवडे. रात्री किडे शोधत फिरायचं, दिवसा बिळात किंवा पालापाचोळ्यात झोपायचं. डोळे अधू, नाक आणि कान तल्लख. आणि आकाशातून मोठ्या घुबडांची भीती. हे वाचल्यावर मला आमची रोजची रात्र त्याच्या जागेवरून दिसली: अंधूक प्रकाशात वरून काहीतरी मोठं खाली येतंय. त्या दिवसापासून आम्ही दोघींनी त्याला वरून उचलणं बंद केलं. हात आधी जमिनीवर टेकवायचा, तिथेच ठेवायचा, मग बाजूने पोटाखाली सरकवायचा. फुसफुस कमी झाली, थांबली नाही.

आणखी एक गोष्ट मला फार मोठी वाटली. कुत्रा माणसाबरोबर राहतोय त्याला निदान पंधरा हजार वर्षं झाली. मांजर धान्याच्या कणगीपाशी उंदीर मारायला आलं त्यालाही आठ-दहा हजार वर्षं होऊन गेली. हेजहॉग अमेरिकेतल्या घरांत शिरला 1980 च्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला. आफ्रिकेतून खोकी भरभरून आणले गेले, मग गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाच्या भीतीने सरकारने ती आयात बंद केली, आणि आज इथे जे आहेत ते बहुतेक सगळे त्याच पहिल्या आलेल्यांची नातवंडं-पतवंडं. म्हणजे हलव्याच्या मागे माणसाच्या सहवासाची जेमतेम पस्तीस वर्षं आहेत. कॅलिफोर्निया, हवाई अशा राज्यांत तर त्याला पाळायची परवानगीच नाही. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियातही नाही, त्यामुळे पिट्सबर्गला नणंदेकडे जायचं तर आमच्यापैकी एकाला घरी थांबावं लागतं. त्याच्या रक्तात माझ्यासाठी काहीही लिहून ठेवलेलं नाही. कुत्र्याच्या बाबतीत ते काम हजारो पिढ्यांनी आधीच करून ठेवलेलं असतं, आणि आपण शेपूट हलली की ती माया आपण कमावली असं समजतो.

लेकीला मी हे सगळं सांगितलं. तिने ऐकलं, आणि मग विचारलं, "मग त्याला इथे आणलंच कशाला आपण?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ आजही नाही. आणलंय, तर त्याचं नीट करायचं, एवढंच मला कळतं.

नीट करायचं म्हणजे खूप काही असतं. त्याच्या खोलीचं तापमान बारा महिने 23 ते 27 अंशांच्या मध्ये. त्यासाठी प्रकाश न देणारा सिरॅमिकचा दिवा आणि त्याला थर्मोस्टॅट. सलग पृष्ठभागाचं, फटी नसलेलं मोठं चाक, कारण रात्रीतून तो कित्येक किलोमीटर पळतो आणि फटीत पाय अडकला तर मोडतो. प्रथिनं जास्त असलेलं मांजराचं कोरडं खाणं, जोडीला अळ्या. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, ग्रॅममध्ये, वहीत. नखं कापायला डॉक्टर. तपासायचं म्हटलं तरी तो उघडत नाही, म्हणून डॉक्टर त्याला हलकी गुंगी देतात, तेव्हा कुठे त्याचं पोट, दात, पाय बघता येतात. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, काही हेजहॉग माणसाळतात, काही आयुष्यभर असेच राहतात. तो खातोय का, पळतोय का, वजन टिकवून आहे का, ते बघा.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नाताळच्या दोनच दिवस आधी, थंडीची ती मोठी लाट आली. संध्याकाळी साधा पाऊस होता. सकाळपर्यंत पारा उणे वीस अंशांच्या आसपास, वारा भिंतींना धडका देतोय, आणि पहाटे कधीतरी वीज गेलेली. आमची भट्टी गॅसवर चालते, पण गरम हवा घरभर फिरवणारा पंखा विजेवर. मला जाग आली ती नाक गार पडल्यामुळे. धावत त्याच्या खोलीत गेले.

तो चादरीखालून अर्धा बाहेर पडलेला होता. मी हात लावला. फुसफुसला नाही. उचलला, तर चेंडू झाला नाही. तळहातावर सैल, उताणा, पाय वर, पोट उघडं. अकरा महिने लेक ज्याची वाट बघत होती तेच सगळं माझ्या हातात होतं, आणि ते पोट गार होतं.

युरोपातले हेजहॉग थंडीत महिनोन् महिने झोपतात, त्यासाठी चरबी साठवतात. आफ्रिकेतल्या या जातीला थंडीतली ती झोप पेलत नाही. गारठा लागला की शरीर तशी झोप घ्यायचा प्रयत्न करतं आणि त्यातच जीव जातो. फोनची बॅटरी होती, डॉक्टरांच्या तातडीच्या नंबरवर कुणीतरी उचललं. सांगितलं: गरम पाण्यात घालू नका, एकदम ऊब देऊ नका, कपड्याच्या आत, अंगाला लावून धरा. मी स्वेटरच्या आत, उघड्या पोटावर त्याला ठेवला. वरून आईने शिवलेली गोधडी, त्यावर रजई. लेक माझ्या पाठीला पाठ लावून बसली. नवरा गाडी सुरू करायच्या मागे होता, म्हणजे वेळ पडली तर गाडीतला हीटर तरी लावता येईल. मला त्या वेळी फक्त एकच कळत होतं, माझ्या पोटावर एक गार जागा आहे आणि ती गारच आहे.

किती वेळ गेला ते मी घड्याळात पाहिलं नाही. आधी एक बारीक थरथर जाणवली, मग एक पाय हलला, नखं लागली. मग बराच वेळ काही नाही. आणि मग स्वेटरच्या आतून, फुस्स. सगळे काटे एकदम उभे राहिले आणि माझ्या पोटात रुतले. लेक किंचाळलीच, "फुसफुसला!" मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या दिवशी त्याचा राग मला जेवढा गोड लागला तेवढा दुसऱ्या कुणाचाही कधी लागलेला नाही. दुपारी वीज आली, चार दिवसांनी डॉक्टरांनी ठीक आहे म्हणून सांगितलं, आणि हलव्याने आमच्याशी पूर्वीचाच व्यवहार चालू ठेवला. पोटावर घालवलेल्या त्या सकाळीचं त्याच्या लेखी काहीच नव्हतं. माझ्या लेखी होतं. त्यानंतर त्याच्याकडून काही परत मिळावं ही ओढ माझ्यातून निघून गेली. का ते मला नीट सांगता येत नाही, पण गेली.

पुढच्या मे महिन्यात आई आली, सहा महिन्यांसाठी. इथे आल्यावर पहिले बरेच दिवस तिची रात्र आणि दिवस उलटे असतात. त्यात उन्हाळा, घरभर एसी, आणि तिला गारवा सोसत नाही. घरातली एकच खोली उबदार: हलव्याची. पहाटे तीनला मी उठून बघते तर आई त्याच्या खोलीत खुर्चीवर, मांडीत कापूस, वाती वळतेय आणि तोंडाने स्तोत्र पुटपुटतेय. पायाशी जाळीचं कुंपण लावलेली त्याची मोकळी जागा. आणि हलवा बाहेर. वाटीतलं खाणं कुरकुर चावत होता. मला बघून काटे पुढे आले, आणि मी दारातच थांबले.

"येतो की रोज," आई म्हणाली. "जेवतो, चाकावर जातो, परत येतो. मी कशाला त्याच्यात लुडबुड करू? त्याचं तो, माझं मी."

एका रात्री तो तिच्या पावलापर्यंत आला, अंगठा हुंगला, नाक फेंदारलं आणि परत गेला. तिने हात खाली केला नाही. वात वळायची थांबलीसुद्धा नाही. मी तिला एवढंच सांगितलं की कापूस आणि दोरे खाली पडू देऊ नकोस, त्याच्या पायाला दोऱ्याचा वेढा बसला तर रक्त थांबून पाय जातो. तेव्हापासून ती वाती स्टीलच्या डब्यात, झाकण लावून ठेवायची. अळ्यांचा डबा मात्र तिच्या मुक्कामात गॅरेजमधल्या छोट्या फ्रिजमध्ये हलवला. कोथिंबिरीशेजारी जिवंत अळ्या तिला बघवेनात, आणि ते मला पूर्ण पटतं.

आई परत गेली, त्याच्या आधीच ऑगस्टमध्ये लेक सिनसिनाटीला शिकायला गेली. जाताना ती त्याच्या घरासमोर बराच वेळ बसली होती. "माझ्याशिवाय त्याला काही फरक पडणार नाही, आणि ते एका अर्थी बरंच आहे," म्हणाली. किती मोठी झाली असेल ती त्या दीड वर्षात.

खुर्चीवर आता मी बसते. माझी पुण्यातली टीम, त्यामुळे इथल्या रात्री नऊ-दहानंतर माझे कॉल चालतात, तेव्हा तिकडे सकाळ झालेली असते. लॅपटॉप घेऊन मी त्याच्या खोलीत जाते. दिवा कमी, आवाज नेहमीचा. पहिले काही आठवडे तो मी असताना बाहेर आला नाही. मग चादरीतून नाक. मग अर्धं अंग. मग एका रात्री रिलीजच्या तारखेवरून मी चांगलीच तावातावाने बोलत होते, तर मागून चाकाची घरघर सुरू झाली. मी बोलणं थांबवलं नाही. आईकडे पाहून एवढं मला कळलं होतं.

ज्याचं सगळं शहाणपण भीतीत साठवलेलं आहे त्याने माझ्यादेखत पाठ फिरवून खावं, याची किंमत माझ्यापुरती मी खूप वर लावते. ही माया आहे का? मला नाही वाटत. त्याला माझी सवय झाली आहे. पण सवय या गोष्टीला आपण फार खालचं मानतो. माझ्या आजोबांचं आणि आजीचं कधी गुळपीठ दिसलं नाही; दोघं एका ओट्यावर तासन् तास न बोलता बसायची, आणि एक उठलं की दुसरं मान वळवून बघायचं. हलवा मान वळवून बघत नाही, ते मी त्याच्यावर लादणार नाही. तो खातो, मी काम करते.

एक रात्र मात्र सांगायलाच हवी. त्या दिवशी आमटीला फोडणी देऊन, हात साबणाने दोनदा धुऊन मी वर गेले होते. कांदा-लसूण हेजहॉगला विषारी, म्हणून धुण्यात मी कुचराई करत नाही. पण हिंग नखांतून जात नाही. जमिनीवर टेकवलेल्या माझ्या बोटाशी हलवा आला, हुंगलं, हुंगलं, आणि चाटलं. मग तो मागे सरकला, तोंड चघळल्यासारखं हलवू लागला, पांढरा फेस आला, आणि मान इतकी वाकडी करून की पाठ मोडते की काय वाटावं, तो लांब जिभेने तो फेस आपल्याच काट्यांवर थापू लागला. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. तोल जाऊन पडला, उठला, परत थापू लागला. नव्या, तीव्र वासावर ते असं करतात हे मी वाचलेलं होतं. काही हेजहॉग भेकाच्या कातडीतलं विष चघळून काट्यांना लावतात आणि मग तेच काटे शत्रूला जास्त झोंबतात, असं 1977 साली प्रसिद्ध झालेलं एक संशोधनही आहे. वाचणं वेगळं. माझ्या स्वयंपाकघरातला हिंग अंगाला लावून तो रात्रभर चाकावर पळाला, आणि सकाळी त्याची चादर बदलताना खोलीत फोडणीचा वास होता.

आता तो चार वर्षांचा झाला. हेजहॉगांचं आयुष्य साधारण चार ते सहा वर्षांचं, म्हणजे हलवा म्हातारा आहे. चाकावर कमी पळतो. खाणं कोमट पाण्यात भिजवून देते. या प्राण्यांत मज्जातंतूंचा एक आजार असतो, मागच्या पायांपासून डळमळ सुरू होते आणि पुढे सगळं अंग जातं. तो बहुतेकदा दोन वर्षांच्या आत डोकं काढतो, म्हणून हलवा सुटला असावा असं डॉक्टर म्हणतात. तरीही त्याची चाल मी रोज बघते. वजनाची वही चालू आहे. लेक सुट्टीत आली की आधी वही उघडते.

मराठी मंडळातल्या एका जोडप्याने परवा मला फोन केला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला हेजहॉग हवा आहे, त्यानेही तेच फोनवरचे उताणे हेजहॉग पाहिलेत. मी नाही म्हटलं नाही. शनिवारी त्यांना घरी बोलावलंय. रात्री दहाला या, सेंट लावू नका, मुलाला दुपारी झोपवून आणा. आल्यावर तासभर त्या खोलीत बसायचं, हात मांडीवर ठेवून. त्याला स्पर्श झालाच तर साबणाने हात धुवायचे आणि त्याचा मुका वगैरे घ्यायचा नाही. 2019 आणि 2020 मध्ये इथे हेजहॉगांमुळे माणसांना सॅल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूची लागण झाली होती, तेव्हा आरोग्य खात्याने हेच बजावलं होतं. हलवा बाहेर आला तर आला. नाही आला तर चादरीखालची फुसफुस ऐकून मुलगा घरी जाईल. त्यानंतर आठवड्याने त्याला विचारा म्हटलंय, आणि तेव्हाही त्याला हेजहॉगच हवा असेल, तर ब्रीडरकडे मी स्वतः त्यांच्याबरोबर जाईन.